दुर्बीण नेमकी किती वर?

परवा शनिवारी एअर रायफलवर दुर्बीण बसवत होतो. माउंट उंच घ्यावा की बुटका, यात अर्धा दिवस गेला. उंच घेतला तर गाल दस्त्यावर टेकत नाही, बुटका घेतला तर पुढची काच नळीला घासते. वाचता वाचता पोचलो थेट १९१५ च्या खंदकांत!

तेव्हा ब्रिटिशांनी ली-एनफिल्डवर दुर्बीण चक्क डाव्या बाजूला बसवली. का, तर पाच काडतुसांची क्लिप वरून भरायची, ती वाट मोकळी हवी. कागदावर एकदम लॉजिकल. पण स्नायपर बसायचा पोलादी पत्र्याच्या भोकामागे. अरुंद भोकातून नळी बाहेर काढली की दुर्बिणीसमोर पत्रा. आणि त्याला क्लिपची घाई कसली हो? मेजर हेस्केथ-प्रिचर्ड यांनी १९२० च्या 'स्नायपिंग इन फ्रान्स'मध्ये या जोडणीवर सडकून टीका केलीय. शिवाय एका अंतरावर झीरो केलं, की त्याच्या अलीकडे गोळी उजवीकडे, पलीकडे डावीकडे. समोरचा जर्मन स्नायपर तेवढा वेळ थोडाच देणार!

असो. मी मीडियम माउंट घेतला. दुर्बिणीचा मध्य नळीपासून चारेक सेंमी वर. तीन मीटरवर छर्रा खाली लागतो, पण निदान सरळ रेषेत.