शंभर अधिक वय

१२ एप्रिल १९४५. अमेरिकेच्या जॉर्जिया राज्यातलं वॉर्म स्प्रिंग्ज. दुपारी एकच्या सुमारास तुम्ही एका छोट्या पांढऱ्या बंगल्याच्या बैठकीच्या खोलीत उभे आहात. एक चित्रकर्ती जलरंगात व्यक्तिचित्र रंगवतेय. समोर बसलेल्या गृहस्थांचा चेहरा तुम्ही लगेच ओळखता. हे राष्ट्राध्यक्ष फ्रँकलिन रूझवेल्ट, वय ६३. ते कागद चाळतायत. अचानक त्यांचा हात डोक्याकडे जातो. डोक्याच्या मागच्या बाजूला भयंकर दुखतंय, असं ते कसंबसं सांगतात आणि खुर्चीतच कोसळतात.

काळाच्या या प्रवासात तुम्हाला सगळं दिसतं, पण कशालाही हात लावता येत नाही. हृदयरोगतज्ज्ञ हॉवर्ड ब्रुएन धावत येतात आणि दंडाला पट्टा बांधतात. रक्तदाब ३००/१९०. मेंदूत मोठा रक्तस्राव झालाय. ३ वाजून ३५ मिनिटांनी सगळं संपतं.

हे अचानक झालं, असं बाहेर सांगितलं जाईल. पण तुम्ही वर्षभर मागे, मार्च १९४४ मध्ये डोकावता, तेव्हा ब्रुएन यांच्या नोंदीत १८६/१०८ हा आकडा दिसतो. हृदय आकारानं वाढलंय. त्यांनी हृदयासाठी डिजिटॅलिस दिलं, मीठ कमी करायला लावलं, सिगारेटी कमी करायला सांगितल्या, विश्रांती सुचवली. याहून अधिक देण्यासारखं त्यांच्याकडे फार काही नव्हतं. शिवाय बहुतेक डॉक्टर मानत होते की वय झालं की दाब वाढतोच, उलट कडक झालेल्या रक्तवाहिन्यांतून रक्त ढकलायला तो हवाच. वरचा आकडा किती असावा? शंभर अधिक वय. हा हिशेब सर्रास चालत होता.

आता तीन वर्षं पुढे या. जून १९४८ मध्ये राष्ट्राध्यक्ष ट्रूमन यांनी हृदयरोग संशोधनाच्या कायद्यावर सही केलीय आणि तुम्ही बोस्टनच्या पश्चिमेला, साधारण ३२ किलोमीटरवरच्या फ्रेमिंगहॅम गावात पोचलाय. इथे तुम्ही नुसते बघे नाही. कारखान्यात काम करणारे, चाळिशीतले गावकरी आहात. शेजारीण फोन करून विचारते, सरकारी दवाखान्यात तपासणीला येणार का?

"पण मला काहीच होत नाहीये!" तुम्ही म्हणता.

म्हणूनच तर तुम्ही हवे आहात. आजवर डॉक्टरांनी आजारी पडलेली माणसं पाहिली. हा आजार अंगात शिरतो कसा, हे बघायचं तर धडधाकट माणसं हवीत आणि त्यांच्याकडे वर्षानुवर्षं बघत राहायला हवं. म्हणून ३० ते ६२ वयाचे ५,२०९ स्त्री-पुरुष निवडले जातात. तुमचं वजन, रक्तदाब, ईसीजी, छातीचा एक्स-रे, रक्त, लघवी, सिगारेटी, सगळ्याची नोंद होते. उपचार मात्र कुणी करत नाही. अहवाल तुमच्या नेहमीच्या डॉक्टरांकडे जातो. दोन वर्षांनी पुन्हा या, एवढंच सांगतात.

आणि तुम्ही जाता. गावही जातं. मोबदला काही नाही, तरी वर्षानुवर्षं जातं. मधल्या काळात कुणाला झटका येतो, कुणाचा अर्धा देह लुळा पडतो, कुणी झोपेतच जातं. प्रत्येकाची जुनी नोंद कागदावर असते. १९५७ मध्ये हिशेब मांडला जातो, तेव्हा रक्तदाब जास्त असलेल्यांनाच हृदयविकार कितीतरी अधिक जडल्याचं दिसतं. १९६१ मध्ये या अभ्यासातले विल्यम कॅनेल, थॉमस डॉबर आणि सहकारी जोखमीचे घटक मांडतात, त्यांत रक्तदाबाबरोबर कोलेस्टेरॉलही असतं. १९७० मध्ये पक्षाघाताचा हिशेबही तेच सांगतो. वयाबरोबर दाब वाढत असेल, पण म्हणून तो निरुपद्रवी ठरत नाही. शंभर अधिक वय हा नियम या गावानं मोडीत काढला.

दाब घातक आहे, हे कळलं. तो उतरवायचा कसा? त्यासाठी चला १९४९ च्या मुंबईत. केईएम रुग्णालयातले हृदयरोगतज्ज्ञ डॉ. रुस्तम जाल वकील तुमच्या दंडाला पट्टा बांधतायत. ते देतायत सर्पगंधेच्या मुळीच्या गोळ्या. सर्पदंशावर, वेड लागण्यावर ही मुळी आपल्याकडे पिढ्यानपिढ्या दिली जायची. कलकत्त्याच्या गणनाथ सेन आणि कार्तिकचंद्र बोस यांनी ती रक्तदाब उतरवते हे १९३१ मध्येच लिहून ठेवलं होतं. वकिलांनी ५० रुग्णांवरचे निष्कर्ष 'ब्रिटिश हार्ट जर्नल'मध्ये छापले आणि जगाचं लक्ष वळलं. बोस्टनमध्ये रॉबर्ट विल्किन्स यांनी ही मुळी वापरून पाहिली. १९५२ मध्ये स्वित्झर्लंडमध्ये त्या मुळीतून रिसर्पिन वेगळं काढलं गेलं. १९५७ मध्ये वकिलांना लास्कर पुरस्कार मिळाला.

तरी एक प्रश्न उरतोच. आकडा उतरला म्हणजे माणूस वाचतो का? त्याचं उत्तर अमेरिकेतल्या माजी सैनिकांच्या रुग्णालयांत मिळणार आहे. तुम्ही तिथले रुग्ण आहात. खालचा आकडा ११५ ते १२९ च्या मध्ये. डॉक्टर एडवर्ड फ्राइस आधी तुमचा नियमितपणा पारखतात. पहिल्या गोळ्यांत औषध नाही, फक्त रायबोफ्लेविन हे जीवनसत्त्व आहे. ते पोटात गेलं असेल तर अतिनील दिव्याखाली लघवी चमकते. गोळ्या चुकवणारे इथेच गळतात. उरलेल्या १४३ जणांपैकी ७३ जणांना खरं औषध मिळतं, ७० जणांना तशाच दिसणाऱ्या पोकळ गोळ्या. तुम्हाला काय मिळतंय, हे तुम्हाला माहीत नाही. खऱ्या औषधात तीन द्रव्यं आहेत, त्यांतलं एक रिसर्पिन.

१९६७ मध्ये निकाल छापून येतो. पोकळ गोळ्यांच्या गटात २७ जणांवर मोठं संकट आलं आणि त्यांतले चार दगावले. औषधाच्या गटात संकट आलं दोघांवर; मृत्यू एकही नाही. फरक इतका उघड होता की या गटाची चाचणी वेळेआधीच थांबवावी लागली. रूझवेल्ट गेल्याला तेव्हा जेमतेम बावीस वर्षं झाली होती.

रिसर्पिननं काहींना उदासी यायची. पुढे त्याहून चांगली औषधं आली. आता वर्तमानात परत या, साताऱ्याच्या एखाद्या प्राथमिक आरोग्य केंद्रात. सातारा, सिंधुदुर्ग, वर्धा आणि भंडारा हे भारताच्या रक्तदाब नियंत्रण उपक्रमातल्या सुरुवातीच्या जिल्ह्यांपैकी. इथे अॅम्लोडिपिनसारख्या साध्या, स्वस्त गोळ्या मिळतात. पण रांगेत कान द्या. "वयाप्रमाणे थोडं वाढणारच." "मला कुठे काय त्रास आहे?" "गोळी एकदा लागली की सुटत नाही."

१९४५ अजून संपलेलं नाही. आणि आपल्याला तर वेळही कमी आहे. ५२ देशांतल्या इंटरहार्ट अभ्यासात दक्षिण आशियातल्या लोकांना पहिला झटका सुमारे ५३ व्या वर्षी आलेला दिसला, इतरांपेक्षा पाच-सहा वर्षं आधी.

काही होत नसताना दंड पुढे करणाऱ्या गावकऱ्यांनी आणि नेमानं गोळी घेणाऱ्या सैनिकांनी ज्ञान मिळवून ठेवलंय. तिशी ओलांडली असेल तर याच आठवड्यात रक्तदाब मोजून घ्या, घरातल्यांचाही मोजा. गोळी चालू असेल तर बरं वाटतंय म्हणून स्वतःच्या मनानं ती सोडू नका. बरं वाटतंय, ते बहुधा त्या गोळीमुळेच दाब आवाक्यात राहिलाय म्हणून.