स्वादुरसातील क्षार : एका उपपत्तीचा इतिहास

स्वादुपिंडाचा रस क्षारधर्मी असतो, हे क्लोद बर्नार यांच्या काळापासून, म्हणजे १९ व्या शतकाच्या मध्यापासून, ठाऊक होते. परंतु तो क्षार येतो कोठून, हा प्रश्न दीर्घकाळ मागे पडला. स्रवणाची आज्ञा कोण देतो, या वादाचेच आकर्षण मोठे होते. मज्जातंतूंचा पक्ष घेणाऱ्या पावलोव्ह यांच्या मताला बेलिस व स्टार्लिंग यांनी १९०२ मध्ये धक्का दिला. मज्जातंतू तोडलेल्या आतड्यात अम्ल घातले तरी रस वाहतो, आणि ती आज्ञा रक्तावाटे सिक्रेटीन पोहोचविते, असे त्यांनी दाखविले.

क्षाराच्या उगमाविषयी महत्त्वाचा पुरावा १९६८ मध्ये केस, हार्पर व स्क्रॅचर्ड यांनी दिला. मांजराच्या स्वादुपिंडातून रक्ताऐवजी कृत्रिम द्रावण खेळविले असता, द्रावणातील बायकार्बोनेट घटविताच स्रवणही घटले.

१९८० नंतर उंदराच्या सुट्या नलिकांवरून जी उपपत्ती बसविली गेली, ती सुबक होती. पेशीत कार्बन डायऑक्साइड व पाणी यांपासून बायकार्बोनेट आणि हायड्रोजन आयन होतात. हायड्रोजन सोडियमच्या मोबदल्यात रक्ताकडे टाकला जातो, म्हणून पेशी अम्ल होत नाही. बायकार्बोनेट क्लोराइडच्या मोबदल्यात नलिकेत उतरते, आणि आत आलेले क्लोराइड एका वाहिनीतून पुन्हा नलिकेत परतते. ज्या जनुकाच्या दोषाने सिस्टिक फायब्रोसिस होतो, ते १९८९ मध्ये सापडले. ही वाहिनी त्याचीच निर्मिती ठरली. या रोगात मुलांच्या नलिका घट्ट स्रावाने बुजतात. तेव्हा उपपत्तीतील उणीव ही केवळ पंडिती बाब नव्हती.

आणि उणीव होतीच. उंदराच्या रसात बायकार्बोनेट लिटरमागे सुमारे ७० मिलिमोल असते. माणूस, मांजर व गिनिपिग यांच्या रसात ते १४० पर्यंत चढते. रक्तद्रवात ते अवघे २५ च्या आसपास. एकास एक अदलाबदलीने एवढी चढण साधणे कठीण; नलिकेत क्लोराइड उणावले की ती थांबावी, किंबहुना उलटी फिरावी. सोयीचा प्राणी येथे वाईट वाटाड्या ठरला.

१९९६ मध्ये इशिगुरो, स्ट्यूअर्ड व सहकाऱ्यांनी गिनिपिगच्या नलिका निवडल्या. मांजरावर काम केलेले केस याही गटात होते. रक्ताकडील प्रवेशमार्ग औषधांनी रोखताच पेशी अम्ल होऊ लागे, आणि त्या वेगावरूनच त्यांनी स्रवणाचे माप काढले. बहुतांश बायकार्बोनेट सोडियमच्या जोडीने थेट रक्ताकडून आत येते, असे दिसले. पुढे २०१० मध्ये, पेशीतील क्लोराइड उतरले की तीच वाहिनी बायकार्बोनेटलाही वाट देते, असा पुरावा कोरियातील संशोधकांनी मांडला. वाहिनी व अदलाबदल यांच्या वाट्यांविषयीचा वाद मात्र त्याने मिटलेला नाही.