किनाऱ्यावरची चित्रपंगत

हिवाळ्यातल्या रविवारी सकाळी हर्णेला किंवा वर्सोव्याला गेलात तर ती दिसते. आठ-दहा जण, घडीच्या स्टुलांवर, जवळपास एका ओळीत. मांडीवर पॅड, कागदाला क्लिपा, पायाशी पाण्याचा डबा, डोक्यावर टोपी. समोर वाळूत ओढून ठेवलेली एकच होडी, आणि तिची दहा चित्रं चाललेली. मधूनच कोणी उठतो, शेजाऱ्याच्या पाठीमागे जाऊन उभा राहतो, "आता आकाशाला हात लावू नकोस, रंग मरेल" एवढंच म्हणतो आणि परत आपल्या जागेवर येऊन बसतो. चित्रकार याला 'स्पॉटवर जाणं' म्हणतात. मी चित्रपंगत म्हणतो. पंगतीत ज्याचं त्यानेच जेवायचं असतं, पण एकटाच बसला तर ती पंगत होत नाही.

समुद्र जुना आणि चित्रकलाही जुनी, तेव्हा ही रीतही फार जुनी असेल असं वाटतं. प्रत्यक्षात तिचं वय पावणेदोनशे वर्षांच्या आसपास आहे.

त्याआधी युरोपातला चित्रकार बाहेर जाई तो टिपणं काढायला. खरं चित्र घरी, चित्रशाळेच्या उत्तरेकडच्या खिडकीपाशी उभं राही. व्हालाँसिएन या फ्रेंच चित्रकाराने १८०० साली निसर्गचित्रावर पुस्तक लिहिलं आणि त्यात बाहेरच्या अभ्यासचित्रासाठी वेळ बांधून दिली : फार तर दोन तास, सूर्योदय-सूर्यास्ताला अर्धा तास. उजेड बदलला की हात थांबवायचा. आजही स्पॉटवरचे जुने लोक नवशिक्यांना हेच बजावतात, फक्त व्हालाँसिएनचं नाव त्यांच्या कानावर आलेलं नसतं. इंग्लंडात कॉन्स्टेबलने १८२४ पासून ब्रायटनच्या किनाऱ्यावर बसून कागदावर तैलरंगात समुद्र उतरवला. तो तिथे आला होता आजारी बायकोला हवा मानवावी म्हणून. आधी हॅम्पस्टेडला केलेल्या ढगांच्या अभ्यासांमागे त्याने तारीख, वेळ आणि वाऱ्याची दिशा टिपून ठेवली होती. पण कॉन्स्टेबल एकटा बसे. पंगत अजून पडायची होती.

तिला मोठा अडसर होता डुकराच्या मूत्राशयाचा. तेलात घोटलेला रंग त्या काळी त्याच्या पातळ पिशवीत भरून दोऱ्याने बांधत. रंग हवा असला की टाचणीने भोक पाडून पिळायचा. भोक पुन्हा नीट बंद होत नसे. रंग सुके, पिशवी सामानात फुटे, कपडे निळे होत. असली दहा-बारा गाठोडी घेऊन वाळूतून कोण चालणार? ११ सप्टेंबर १८४१ रोजी जॉन गॉफ रँड या अमेरिकन व्यक्तिचित्रकाराने कथलाच्या दाबता येणाऱ्या नळीचं पेटंट घेतलं. तो तेव्हा लंडनमध्ये राहत होता. पिळा, टोक बंद करा, खिशात टाका. आपल्या टूथपेस्टच्या ट्यूबची ही पणजी. गंमत अशी, की रँडला स्वतःला निसर्गचित्राशी फारसं देणंघेणं नव्हतं. त्याला फक्त आपले रंग वाळायला नको होते. ट्यूब नसती तर आमचा संप्रदायच नसता, अशा अर्थाचं बोलणं पुढे इम्प्रेशनिस्ट चित्रकार रन्वारच्या नावावर सांगितलं जातं.

मग आगगाडी आली. पॅरिसहून रुआँला १८४३ मध्ये, ल हाव्रच्या बंदराला १८४७ मध्ये. खिशात रंग आणि हातात तिकीट असलेला चित्रकार आता दुपारपर्यंत समुद्रावर पोचू लागला. राहायचं कुठे, हा प्रश्न ओंफ्लर गावाबाहेरच्या सँ-सिमेओं नावाच्या शेतघराने सोडवला. सेन नदी समुद्राला मिळते तिथला उतार, सफरचंदाची झाडं, झाडांखाली टेबलं, स्वस्त जेवण, सायडर आणि चित्रकारांचं बरंच काही चालवून घेणारी मालकीण, तुतँबाई. कोरो, कूर्बे, योंगकिंड, मोने असे सगळे तिथे येऊन गेले. आज त्याच जागी महागडं हॉटेल आहे.

तिथे येणाऱ्यांतला अगदी घरचा माणूस म्हणजे युजेन बूदँ, आणि माझ्या लेखी या पंगतीचा मूळपुरुष तोच. तो ओंफ्लरचाच, १८२४ चा जन्म. याच वर्षी कॉन्स्टेबलच्या चित्रांनी पॅरिसच्या सलों प्रदर्शनात सुवर्णपदक मिळवलं होतं. बाप खलाशी, पोरगा लहानपणी बापाच्याच बोटीवर कामाला. पुढे त्याने ल हाव्रमध्ये कागद आणि चौकटींचं दुकान काढलं, येणाऱ्याजाणाऱ्या चित्रकारांची चित्रं काचेत मांडली आणि त्यांच्या नादाने स्वतः चित्रकार झाला. त्याच गावात एक मिसरूडही न फुटलेला पोरगा लोकांची व्यंगचित्रं काढून दहा-वीस फ्रँकला विकत असे. त्याची व्यंगचित्रं आणि बूदँचे समुद्र एकाच दुकानाच्या काचेत लागत. पोराला ते समुद्र आवडत नसत आणि बूदँला भेटायचीही त्याची इच्छा नव्हती. शेवटी गाठ पडली. बूदँने बाहेर चल म्हणून आग्रह धरला, पोराने टाळाटाळ केली आणि १८५८ च्या उन्हाळ्यात अखेर रंगांची पेटी घेऊन दोघं ल हाव्रजवळच्या रुएलला गेले. पोरगा सतरा वर्षांचा, क्लोद मोने त्याचं नाव. आपण चित्रकार झालो ते बूदँमुळे, असं मोने पुढे आयुष्यभर सांगत राहिला. कलेच्या इतिहासाने मात्र बूदँला 'मोनेचा गुरू' एवढ्यावर निकालात काढलं. मला तो अन्याय वाटतो.

कारण बूदँने मोनेला तंत्र फार थोडं दिलं असेल. त्याने त्याला शेजारी बसवलं, आणि कुठे बघायचं ते दाखवलं. १८५९ मध्ये कवी बोदलेर ओंफ्लरला आईकडे आला असता बूदँच्या खोलीवर गेला. तिथे पेस्टलमध्ये केलेले समुद्राचे आणि आभाळाचे शेकडो अभ्यास होते. प्रत्येकावर तारीख, वेळ आणि वारा. बोदलेरने लिहून ठेवलंय, की ती टीप हाताने झाकली तरी ऋतू, वेळ आणि वारा ओळखता यावा. कोरोने बूदँला आभाळांचा राजा म्हटलं. कॉन्स्टेबलची ती सवय इथे पुन्हा भेटते, पण आता पाहायला आणि उचलायला बाजूला एक पोर होतं.

पंगतीचा सगळ्यात पक्का पुरावा लंडनच्या नॅशनल गॅलरीत आहे. १८७० च्या उन्हाळ्यात मोने आणि त्याची नवी नवरी कामिय त्रुव्हीलच्या किनाऱ्यावर होते. बूदँ आणि त्याची बायकोही होती. मोनेने दीड फूटभर रुंदीच्या कॅनव्हासवर खुर्च्यांत बसलेल्या दोन बायका रंगवल्या. एक कामिय, दुसरी बहुधा मादाम बूदँ. त्या चित्राच्या रंगात वाळूचे कण आणि शिंपल्यांचे कपचे अडकलेले आहेत. वाऱ्याने उडाले, ओल्या रंगाला चिकटले आणि तसेच वाळले.

समुद्र नुसती वाळू टाकून गप्प बसत नाही. नोव्हेंबर १८८५ मध्ये एत्रताच्या कड्याखाली मोने रंगवण्यात बुडाला असताना लाटेने त्याला उचलून कड्यावर आपटलं. चित्र गेलं, चित्राची घोडी गेली, दाढी निळी-पिवळी झाली. भरतीचं गणित चुकलं होतं. खलाशाचा पोर बूदँ शेजारी असता तर त्याने वेळीच हाक मारली असती, असं मला उगीच वाटतं. पुढच्या वर्षी बेल-इल बेटावर मोनेने सामान वाहायला पोली नावाचा एक कोळी सोबत ठेवला, आणि त्याचंही चित्र काढलं.

तोवर पंगती सगळीकडे पडत होत्या. डेन्मार्कच्या उत्तर टोकाला स्कागेनमध्ये ब्रोन्दुमच्या खाणावळीत चित्रकार जमत आणि एकमेकांची व्यक्तिचित्रं काढत. ती जेवणघराच्या भिंतीत बसवली गेली. खाणावळवाल्याचीच मुलगी आना तिथली सर्वांत बारीक नजरेची चित्रकार निघाली. कॉर्नवॉलमध्ये न्यूलिनला स्टॅनहोप फोर्ब्स १८८४ मध्ये उतरला आणि पुढच्याच वर्षी त्याने माशांच्या लिलावाचं भलंमोठं चित्र किनाऱ्यावरच उभं केलं.

आपल्याकडे परदेशी चित्रकार आधीच येऊन गेले होते. जेम्स वेल्सने १७९१-९२ च्या सुमारास मुंबई बेटाची दृश्यं काढली. त्यांतली बारा १८०० मध्ये छापून आली. पण ती गोऱ्या गिऱ्हाइकांसाठी होती. जे. जे. स्कूल सुरू झालं १८५७ मध्ये, बूदँने मोनेला बाहेर काढलं त्याच्या आदल्या वर्षी. पुढे मुंबईच्या विद्यार्थ्यांना बाहेर बसून काढायची गोडी लागली, तीही विलायतेतून आलेल्या जलरंगात. कोकणच्या हवेत तो रंग फार छळतो. पावसाळ्यात वॉश तासभर वाळत नाही, मे महिन्यात ब्रश उचलायच्या आत वाळलेला असतो. जे. जे.चे अधिष्ठाता झालेले प्र. अ. धोंड या दोन्ही खोड्या पचवून आयुष्यभर जलरंगात समुद्र काढत राहिले. आपल्या पुस्तकाला त्यांनी नाव दिलं 'रापण', म्हणजे किनाऱ्यावरून वाडीने मिळून ओढायचं जाळं.

आता एक विनंती. पुढच्या वेळी स्पॉटवर गेलात तर सही करण्याआधी कागदाच्या मागे तारीख, वेळ आणि वारा लिहा : मतलई की खारा. कळलं नाही, तर होडीवाल्याला विचारा.