वैद्यकीय गर्भपात कायदा व नंदुरबार जिल्हा

ठरावीक अटींवर गर्भपाताला मान्यता देणारा केंद्रीय कायदा आणि नंदुरबारमधील त्याची वाट. भारतीय दंडसंहितेच्या ३१२ व्या कलमाने गर्भपात गुन्हा ठरत असे. महाराष्ट्राचे तत्कालीन आरोग्यमंत्री शांतिलाल शाह यांच्या समितीच्या शिफारशींवरून १९७१ मध्ये संसदेने कायदा केला; तो १ एप्रिल १९७२ पासून लागू झाला. पुढचे बहुतेक वाद त्यातल्या २० आठवड्यांच्या मर्यादेवरूनच झाले.

२००८ मध्ये गर्भाच्या हृदयात दोष आढळलेल्या एका महिलेने डॉ. निखिल दातार यांच्यासह मुंबई उच्च न्यायालयात दाद मागितली. मर्यादा ओलांडली होती, परवानगी नाकारली गेली. प्रश्न मात्र देशभर पोचला. २०१६ मध्ये भायखळा तुरुंगातील महिला कैद्यांच्या प्रकरणात त्याच न्यायालयाने स्त्रीच्या शरीराचा निर्णय तिचाच असल्याचे ठामपणे सांगितले. २०२१ च्या दुरुस्तीनुसार २० आठवड्यांपर्यंत एका डॉक्टरचे मत पुरते. बलात्कारपीडित, अल्पवयीन, दिव्यांग, गरोदरपणात वैधव्य वा घटस्फोट आलेल्या स्त्रियांना दोन डॉक्टरांच्या मताने २४ आठवड्यांपर्यंत मुभा आहे. त्यापुढे गर्भात गंभीर व्यंग असल्यास वैद्यकीय मंडळ ठरवते. जीव वाचवण्यासाठी तातडीच्या गर्भपाताला मर्यादा नाही. उरलेल्यांना न्यायालय गाठावे लागते.

हे गाठणेच नंदुरबारमध्ये सर्वांत अवघड. १ जुलै १९९८ रोजी धुळ्यातून वेगळ्या झालेल्या या जिल्ह्यात २०११ च्या जनगणनेनुसार सुमारे ६९ टक्के लोक अनुसूचित जमातींचे आहेत. धडगाव, अक्कलकुवा तालुक्यांतील सातपुड्याच्या पाड्यांवरून दवाखान्यापर्यंत येणे कष्टाचे. नर्मदाकाठच्या काही गावांना बोटीचाच आधार. गर्भाचे आठवडे मोजणाऱ्या कायद्यात या पायपिटीत गेलेल्या दिवसांना सूट नाही. मुदत उलटली, तर उच्च न्यायालयाचे औरंगाबाद खंडपीठ आहे छत्रपती संभाजीनगरला. मजुरीवर जगणाऱ्या आईने बुडालेला रोज, प्रवासखर्च आणि वकील हे सारे पेलून तिथे वेळेत पोचावे, ही अपेक्षा अन्यायाची आहे.

अल्पवयीन मुलींची अडचण आणखी वेगळी. पोक्सो कायद्याने डॉक्टरवर पोलिसांना कळवण्याचे बंधन आहे. प्रेमातून वा लवकर झालेल्या लग्नातून दिवस गेले, तरी गुन्हा नोंदला जाईल या धास्तीने कुटुंबे सरकारी दवाखाना टाळतात आणि अप्रशिक्षित हातांत सापडतात. २९ सप्टेंबर २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने अविवाहित स्त्रियांनाही २४ आठवड्यांची मुभा दिली. त्याच निकालानुसार मुलीने व पालकाने विनंती केल्यास पोलिसांना कळवताना तिचे नाव डॉक्टरला उघड करावे लागत नाही. जिल्ह्यातील प्रत्येक आशाताईपर्यंत, भिलोरी आणि पावरी बोलीतून, एवढी माहिती तरी पोचवली पाहिजे.