साष्टींतील बदकांची शिकार आणि बंदुकांवरील शिक्के

१. जुनी सनद हातीं आली म्हणजे संशोधक केवळ तिच्या मजकुरावर विसंबत नाहीं. शिक्का, मोर्तब आणि कागद हीं तो आधीं पाहतो. बंदुकीसंबंधानें मात्र आपण नेमके उलट वागतों. घराण्यांतील एखादी शिकारी बंदूक कोणीं दाखविली कीं तिच्यावर कोरलेलें नांव वाचून ती भारी कीं हलकी हें ठरवून मोकळे होतों. मुंबईच्या उपनगरांत, म्हणजे जुन्या साष्टी बेटांत, बदकांच्या शिकारीकरितां बंदुकीची निवड कशावर अवलंबून असावी याचा विचार केला असतां हा निर्णय किती कच्चा आहे तें कळून येतें. तेवढें दाखवावें, हाच या टिपणाचा हेतु आहे.

२. साष्टी मराठ्यांनीं इ. स. १७३७ त पोर्तुगीजांकडून घेतली व १७७४ च्या अखेरीस ती इंग्रजांच्या हातीं गेली. भातखाचरें, मिठागरें आणि खाड्या यांमुळें हा प्रदेश पाणपक्ष्यांस मूळचाच सोयीचा. त्यांत मुंबईच्या पाण्यासाठीं १८६० त विहार, १८७९ त तुळशी व पुढें १८९१ च्या सुमारास पवई असे तलाव झाले. चक्रांग, थापट्या, तलवार बदक हीं उत्तरेकडून हिवाळ्यांत येणारीं. अडई व हळदीकुंकू बदक हीं येथलींच. १८५३ च्या लोहमार्गानें घाटकोपर-मुलुंडची बाजू, आणि १८६७ पासून धांवूं लागलेल्या विरारच्या गाडीनें बोरिवली-अंधेरीची बाजू शहरास जोडली गेली. त्या गाडीच्या स्थानकांच्या यादींत बोरिवलीचें ‘बेरेवला’ व अंधेरीचें ‘अंदारू’ असें रूप आढळतें. हौशी शिकाऱ्यास पहांटे निघून रात्रीं घरीं परतणें यामुळें शक्य झालें.

३. बंदुकांच्या स्थूलमानानें चार प्रती मानाव्या. पहिली ठासणीची. दारू, छर्रे व बोळा गजानें ठासावयाचा, एक बार काढावयाचा, आणि पुन्हां भरीपर्यंत थवा दृष्टीआड व्हावयाचा. म्हणून अशी बंदूक बाळगणारा दबकत जाऊन बसलेल्या थव्यावरच नेम धरी. दुसरी, मागून काडतूस भरावयाची दुनळी. बर्मिंगहॅम किंवा बेल्जममधील लिएज येथें ती मोठ्या संख्येनें होई. १८७५ त आन्सन व डीली यांची घोडे आंत दडविणारी कळ निघाल्यावर मध्यम किंमतींत चांगली बंदूक मिळूं लागली. तिसरी प्रत लंडनची, पर्डी किंवा हॉलंड यांच्या हातची. गिऱ्हाइकाच्या खांद्याचें माप घेऊन केलेली व अर्थात् फार महाग. चौथी, आपोआप भरणारी. जॉन ब्राउनिंग यांनीं ती शोधून काढली व १९०२ त बेल्जममधील एफ. एन. कारखान्याशीं करार केला. बाराच्या धक्क्यानें नळी व खिटी दोन्ही मागें सरत, रिकामें काडतूस बाहेर पडे व नवें चढे. एकूण पांच बार. आज आपोआप भरणाऱ्या बंदुकींतच स्वस्त व महाग असा भेद करतात. त्या काळीं मात्र ती लंडनच्या दुनळीपेक्षां पुष्कळच स्वस्त असे.

४. मग बदकांस कोणती बरी? केवळ बार मोजले तर चौथी. परंतु साष्टीची हवा दमट व खारी. कागदी काडतूस दमट हवेनें फुगतें. दुनळींत तें शिरलें नाहीं तर बोटासच कळतें व दुसरें घालतां येतें. आपोआप भरणाऱ्या बंदुकींत तेंच मध्यें अडकून सारी कळ बंद पडते. शिवाय काडतूस हलकें कीं जोरदार याप्रमाणें तिच्यांतील घर्षणाचें कडें फिरवून बसवावें लागे. तें चुकल्यास बंदूक तरी झिजे किंवा काडतूस तरी अडे. तात्पर्य, चिखलांत व खाडींत सामान्य प्रतीची, पण नीट पुसलेली दुनळी अधिक भरंवशाची. लंडनच्या बंदुकीचा गुण उडत्या पाखरावर चटकन् वळण्यांत व दीर्घकाळ टिकण्यांत. बदकें अधिक पडण्यांत नव्हे.

५. निवड सर्वांस मोकळीहि नव्हती. १८७८ च्या हत्यारांच्या कायद्यान्वयें एतद्देशीयांस परवाना लागे, युरोपियनांस त्यांतून सूट होती. म्हणून एखाद्या घरांत हलकी बंदूक सांपडली तर ती दारिद्र्याची खूण समजूं नये. परवान्यांत काय मिळालें हेंहि पाहिलें पाहिजे.

६. आतां शिक्क्यांकडे वळूं. इंग्रजी वाटेल असें नांव कोरून बेल्जममधील हलक्या बंदुका परदेशीं विकण्याची चाल होती. वेस्टली रिचर्ड्स या प्रसिद्ध नांवाशीं जुळणारें ‘डब्ल्यू. रिचर्ड्स’ हें त्यांतलेंच. ही बनावट सनदच होय. परंतु नळीची परीक्षा करणाऱ्या सरकारमान्य संस्थेचा शिक्का निराळें सांगतो. लंबवर्तुळांत ई. एल. जी. हीं अक्षरें असल्यास नळीची परीक्षा लिएजची; दोन आडवे राजदंड असल्यास बर्मिंगहॅमची, व तीहि बहुधा १९०४ पूर्वींची. यावर केवळ किंमत नव्हे, जीवहि अवलंबून असे; कारण काळ्या दारूसाठीं पिळून घडविलेल्या जुन्या नळींत नवी धूररहित दारू उडविल्यास ती फुटण्याचें भय असतें.

७. लेखी पुरावा किती अपुरा असतो याचें उदाहरण भरतपूरचें. केवलादेव येथील शिलालेखांत १२ नोव्हेंबर १९३८ रोजीं व्हाइसरॉय लिनलिथगो यांच्या शिकारींत ४,२७३ पाखरें पडल्याचें कोरलें आहे. बंदुका किती हेंहि आहे. कोणत्या, हें नाहीं. उलटपक्षीं, सालिम अली यांनीं लहानपणीं साध्या हवेच्या बंदुकीनें पाडलेली पिवळ्या गळ्याची चिमणी १९०८ त मुंबईच्या निसर्गेतिहास मंडळांत नेली, आणि त्यांतून एका पक्षिशास्त्रज्ञाचें चरित्र सुरू झालें. १८८३ त तें मंडळ स्थापणाऱ्या आठांमध्यें डॉ. आत्माराम पांडुरंग व डॉ. सखाराम अर्जुन हे आपले दोघे होते, हेंहि येथें स्मरावें.

८. १९७२ चा वन्यजीव कायदा व त्याची १९९१ ची दुरुस्ती यांनीं ही शिकार संपविली, व तें योग्यच झालें. मुलुंड-भांडुपच्या बाजूची ठाणें खाडी २०१५ पासून रोहित पक्ष्यांचें अभयारण्य आहे. परंतु परवानाधारक वारला म्हणजे बंदूक पोलिसठाण्यांत किंवा परवानाधारक व्यापाऱ्याकडे जमा करावी लागते; आणि तिच्याबरोबरचे परवाने, विक्रेत्यांच्या याद्या व शिकारवह्या निरुपयोगी म्हणून रद्दींत जातात. संग्राहकांस विनंती इतकीच कीं, बंदूक घराबाहेर जाण्यापूर्वीं, ताम्रपटाचा घेतों तसा, तिच्या नळीवरील शिक्क्याचा ठसा घ्यावा आणि तो त्या कागदांबरोबर दप्तरांत ठेवावा. बंदूक गेली तरी चालेल. तिची साक्ष जातां कामा नये.