गाळात गेले म्हणून वाचले

इलिनॉय राज्याच्या वायव्य कोपऱ्यातल्या गलीनाची लोकसंख्या आज जेमतेम सव्वातीन हजार आहे. १८५५ मध्ये मात्र याच गावात डीसोटो हाऊस नावाचे पाच मजली हॉटेल सुरू झाले. एवढ्याशा गावात पाच मजले कशाला, तर त्याचे उत्तर जमिनीखाली होते. ते म्हणजे शिसे.

इथल्या डोंगरांतले शिसे मेस्क्वाकी, सॉक, हो-चंक या आदिवासी जमाती फार आधीपासून काढत होत्या, आणि खणायचे काम बहुतांशी बायकांचे होते. १८२०च्या दशकात गोरे खाणवाले आले, जमाती हुसकावल्या गेल्या आणि गावाला शिशाच्या खनिजाचेच, म्हणजे गलीनाचे, नाव मिळाले. १८४५च्या सुमारास अमेरिकेतले ८० टक्क्यांहून अधिक शिसे याच पट्ट्यातून निघत होते. मिसिसिपीतून आगबोटी गलीना नदीत शिरत आणि थेट गावाच्या धक्क्याला लागत. १८४६ मध्ये बांधून झालेली बाजाराची इमारत अजून उभी आहे.

पण गावातली सगळ्यात बोलकी इमारत म्हणजे जकात कचेरी आणि पोस्ट. चुनखडीच्या दगडाची ही वास्तू बांधण्यावर देखरेख करायला १८५७ मध्ये सरकारने एली पार्कर नावाचा इंजिनिअर पाठवला. पार्कर सेनेका जमातीचा. तो कायदा शिकला होता, पण आदिवासींना नागरिकत्व नसल्याने त्याला वकिलीची सनद नाकारली गेली, म्हणून तो इंजिनिअरिंगकडे वळला. गलीनात त्याची गाठ पडली युलिसिस ग्रँटशी. लष्करातून बाहेर पडलेला, धंद्यात अपयशी ठरलेला ग्रँट १८६० मध्ये वडिलांच्या चामड्याच्या दुकानात कामाला आला होता. दुकान धाकटे भाऊ चालवत, आणि हा त्यांच्या हाताखाली. पाच वर्षांनी तोच यादवी युद्धात उत्तरेचा सरसेनापती होता. ९ एप्रिल १८६५ रोजी दक्षिणेचा सेनापती जनरल ली ॲपोमॅटॉक्सला त्याला शरण आला, तेव्हा ग्रँटने घातलेल्या अटींची स्वच्छ प्रत पार्करच्या हातची होती. अमेरिकेचा नागरिक नसलेल्या माणसाच्या हातची!

यादवी युद्धाने या गावाला नऊ जनरल दिले. त्यांत रॉलिन्स हा वकील होता, स्मिथ सराफ, तर माल्टबी बंदुका बनवणारा. ग्रँट परतला तेव्हा गावाने कमान उभारली. आपल्याला फार तर गलीनाचा महापौर व्हायचे आहे, म्हणजे घरापासून स्टेशनपर्यंत फूटपाथ बांधता येईल, असे तो म्हणाल्याची वदंता होती. म्हणून कमानीवर लिहिले होते, फूटपाथ झालाय, जनरलसाहेब. गावातल्या धनिकांनी त्याला विटांचे एक टुमदार घरही भेट दिले. तो तिथे फारसा राहिलाच नाही, व्हाइट हाऊसला गेला.

तोवर गावाचे दिवस फिरले होते. कॅलिफोर्नियात सोने सापडले आणि १८४९ पासून खाणकामगार तिकडे पळाले. वरवरचे शिसे संपत आले. भट्ट्यांसाठी झाडे तोडून डोंगर बोडके झाले, त्यांची माती नदीत उतरली आणि आगबोटींचा मार्ग गाळाने बुजत गेला. रेल्वेने तर गंमतच केली. ‘गलीना अँड शिकागो युनियन’ असे झोकदार नाव लावलेली कंपनी गलीनापर्यंत पोचलीच नाही. इलिनॉय सेंट्रलची गाडी पोचली, पण ती पुढे मिसिसिपीच्या काठाला गेली आणि व्यापारही तिच्याबरोबर गेला. १८८० मध्ये डीसोटो हाऊसचे वरचे दोन मजले चक्क उतरवून टाकले.

पुढची कित्येक दशके जुने पाडून नवे बांधायला गावात कुणाकडे पैसाच नव्हता. इतर शहरांत दगडविटांच्या जुन्या पेठा जमीनदोस्त होत असताना इथली मेन स्ट्रीट जशीच्या तशी उरली. १९६९ मध्ये हा भाग राष्ट्रीय वारसा यादीत गेला. त्याचे श्रेय आता दूरदृष्टीला दिले जाते. खरे श्रेय आधी कडकीचे, दूरदृष्टी मागाहून आली.

शिकागोला नातेवाइकांकडे गेलात, तर गाडीने तीनेक तासांत गलीना गाठता येते. गर्दी ग्रँटच्या घरापाशी असते. तुम्ही आधी पार्करच्या पोस्टात जा, तिकिटे अजून तिथेच मिळतात.