आधी सोनं, मग शिसं

कोळसा कितीही उगाळला तरी काळा तो काळाच, असं आपण येताजाता म्हणतो. शास्त्रज्ञांच्या नजरेत मात्र तो भरला दुसऱ्याचा रंग काढण्यामुळे. १७८५ साली सेंट पीटर्सबर्गच्या शाही औषधालयात योहान टोबियास लोवित्स टार्टारिक आम्लाचे स्फटिक काढायच्या खटपटीत होता. द्रावण आटवलं की ते तपकिरी पडे. लाकडी कोळशाची पूड घातल्यावर तो तपकिरीपणा गेला. हा लोवित्स खगोलशास्त्रज्ञाचा मुलगा. रशियात उठाव करणाऱ्या पुगाचेव्हच्या बंडखोरांनी १७७४ मध्ये त्याच्या वडिलांना ठार मारलं होतं. मुलाने आकाशाचा नाद न धरता भट्टी आणि काचपात्रं जवळ केली. रंग गेलेला पाहिल्यावर त्याने जे हाती लागेल ते कोळशातून काढायचा सपाटा लावला. धान्याच्या दारूचा उग्र दर्प गेला, पिंपात साठून कुजकट झालेलं पाणी पिण्याजोगं झालं.

साखरवाल्यांनी ही विद्या लगेच उचलली. १८११ मध्ये फ्रान्समधल्या माँपेलिएच्या पिएर फिग्येने दाखवून दिलं की, हाडांचा कोळसा लाकडी कोळशाहून सरस रंग काढतो. मग युरोपातल्या साखरशुद्धीच्या कारखान्यांत हाडांच्या कोळशाची उंच नळकांडी उभी राहिली. (‘साखरेत हाडं असतात’ ही कुजबूज आपल्याकडे अधूनमधून उठते ती इथूनच. महाराष्ट्रातले बहुतेक कारखाने रस साफ करतात चुना आणि गंधकाच्या धुराने.) या हाडांच्या कोळशात कार्बन जेमतेम दहा टक्के, बाकी बहुतांश कॅल्शियम फॉस्फेट. ही गोष्ट लक्षात असू द्या, पुढे कामाला येणार आहे.

साध्या कोळशाचा ‘सक्रिय कार्बन’ झाला तो राफाएल फोन ऑस्ट्रेयको याच्या १९००-०१ च्या पेटंटांमुळे. लालबुंद तापलेल्या कोळशावरून वाफ किंवा कार्बन डायऑक्साइड सोडायचा, म्हणजे तो आतून पोखरला जातो आणि डोळ्यांना न दिसणारी भोकं अतोनात वाढतात. चांगल्या सक्रिय कार्बनच्या एका ग्रॅममधला सगळा आतला पृष्ठभाग पसरला तर हजार चौरस मीटरच्या आसपास भरतो. चिमूटभर काळ्या पुडीत दहा गुंठे जमीन! पहिल्या महायुद्धात विषारी वायू आल्यावर या पुडीचं महत्त्व सरकारांना कळलं. रशियात रसायनशास्त्रज्ञ झेलिन्स्कीने १९१५ मध्ये तिचा मुखवटा केला. अमेरिकेत मुखवट्यांच्या कोळशासाठी लोकांकडून पीचच्या कोयी आणि कवचफळांची टरफलं गोळा केली गेली. नारळाची करवंटी सर्वांत उत्तम ठरली. आजही घरच्या फिल्टरमधला कार्बन बहुधा करवंटीचाच असतो.

आता एवढी यादी पाहा: रंग, दर्प, चव, वायू. धातू कुठेच नाही, आणि हा योगायोग नव्हे. विषबाधेच्या रुग्णाला दवाखान्यात सक्रिय कोळसा पाजतात, पण पोटात लोह किंवा शिसं गेलं असेल तर त्याचा फारसा उपयोग होत नाही. पाण्यातला शिशाचा किंवा कॅडमियमचा आयन पाण्याचे रेणू अंगाला घट्ट लपेटून फिरतो. त्याला ते आवरण सोडून कार्बनच्या गुळगुळीत, पाण्याशी न पटणाऱ्या भिंतीला चिकटण्यात काही फायदा नसतो.

याला ठळक अपवाद सोन्याचा. सायनाइडमध्ये विरघळलेलं सोनं पाण्याशी सैल नातं असलेल्या आयनात असतं, आणि तो आयन कोळशाला आपणहून चिकटतो. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस लाकडी कोळशाने सोनं धरायची पेटंटं निघालीही होती. पण धरलेलं सोनं सोडवायचं तर कोळसा जाळावा लागे. तो धुऊन पुन्हा वापरण्याची रीत १९५० च्या दशकात बसली आणि १९७३ मध्ये साउथ डाकोटातल्या होमस्टेक खाणीत ती कारखान्याच्या प्रमाणावर चालू झाली. म्हणजे कोळशाने पाण्यातला धातू पहिल्यांदा पकडला तो कुणाच्या आरोग्यासाठी नव्हे, तिजोरीसाठी.

विषारी धातूंकडे लक्ष गेलं ते पुढे, आणि त्या कामी पुढे आला कोळशातला गरीब भाऊ: बायोचार. हा शब्द गेल्या वीसेक वर्षांत रुळला, तोही आधी मातीच्या संदर्भात. भुसा, पाचट, शेण असं काहीही हवा कोंडून चारपाचशे अंशांवर भाजायचं. रायगडातला भट्टीवाला कातकरी धुराचा रंग पाहून भट्टी कधी मिटवायची ते ठरवतो. नीट न भाजलेला, धूर करणारा तुकडा तो बाजूला टाकतो. पाण्यातल्या धातूंचं गणित नेमकं याच्या उलट आहे. कमी तापलेल्या कोळशाच्या अंगावर ऑक्सिजनचे गट शिल्लक राहतात, आणि शिसं, कॅडमियम, तांबं त्यांना जाऊन बिलगतात. शेणाच्या बायोचारमध्ये राखेसोबत फॉस्फेट असतं. शिशाशी गाठ पडली की त्याचा न विरघळणारा क्षार होतो. फिग्येच्या हाडांच्या कोळशातही हीच करामत दडलेली होती, पण तेव्हा ती कुणाला हवीच नव्हती. सहासंयुजी क्रोमियमच्या बाबतीत आणखी गंमत: बायोचार त्याला इलेक्ट्रॉन देऊन कमी विषारी त्रिसंयुजी रूपात आणतो आणि मगच धरतो. आर्सेनिकपुढे मात्र बहुतेक बायोचार हात टेकतो. दोघांवरही ऋण भार, त्यामुळे एकमेकांना दूर ढकलतात. तिथे कोळशाला लोखंडाच्या गंजाचा लेप द्यावा लागतो.

अमेरिकेतल्या मिशिगनमधल्या फ्लिंट शहरात २०१४ मध्ये पाण्याचा स्रोत बदलला, जुन्या नळांतलं शिसं पाण्यात उतरलं आणि घरोघरी नळाला लावायचे कार्बनचे फिल्टर वाटावे लागले. शिसं काढण्याचं प्रमाणपत्र असलेल्या अशा फिल्टरमधल्या ठोकळ्यांत अनेकदा निव्वळ कार्बन नसतो. शिसं ओढून घेणारा खास पदार्थ त्यात मिसळलेला असतो. आपल्याकडे पिण्याच्या पाण्यात शिशाची मर्यादा लिटरला ०.०१ मिलिग्रॅम आहे. चव, वास, रंग यांवरून ती ओलांडल्याचं ओळखू येत नाही, म्हणून ‘कार्बन आहे ना आत’ एवढ्यावर विसंबून चालत नाही.

भरलेल्या कोळशाचं काय करायचं, हा प्रश्न सोन्याच्या खाणीत कधी पडला नाही. तिथे तो धुवायची घाईच असते. रंग-वासाने भरलेला कार्बन पुन्हा भट्टीत घालून जिवंत करता येतो, कारण अडकलेली घाण जळून जाते. शिसं, कॅडमियम असं जळून संपत नाही. आम्लाने धुतलं तर ते आम्लात उतरतं आणि त्या आम्लाची वेगळी सोय करावी लागते. तशीच पूड शेतात टाकली तर धातू मातीत जातो.